छिद्र आणि धार

पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. कोयनेचे सहाही वक्राकार दरवाजे अमुक फुटांनी उचलले, नदीपात्रात अमुक हजार क्युसेकने विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा. बातमी दरवर्षीचीच, म्हणून आपण ती वरवर वाचून पान उलटतो. वाचकांनी एकदा दोन दिवसांची कात्रणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दरवाजा तेवढाच उचललेला आहे, आणि तरीही विसर्गाचा आकडा बदललेला आहे, असे त्यांत आढळू शकते. फट तीच असताना पाणी कमीजास्त का व्हावे? हा प्रश्न ज्याला पडला, तो या विषयाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिलाच म्हणायचा. आम्ही फक्त दार उघडून ‘या’ म्हणायचे.

साठवलेले पाणी, त्या साठ्याला पाडलेले भोक आणि भोकातून सुटणारी धार, एवढ्या तीन गोष्टींत या शास्त्राचा पसारा मावतो. त्यामुळेच त्याची उपेक्षाही होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा विषय एखाद्या प्रयोगापुरता भेटतो. टाकी, झडप, स्टॉपवॉच, जर्नलमधला तक्ता आणि शिक्षकांची सही, की संपले. इतरांना तर तो भेटतही नाही. खरे पाहता रोमन साम्राज्यातली पाणीपट्टी, प्राचीन इजिप्तमधले रात्रीचे प्रहर, आपल्याकडची लग्नघटिका आणि आजच्या धरणांचे विसर्ग-तक्ते हे सारे याच एका प्रश्नावर उभे आहे. मोठमोठ्या माणसांनी त्यावर विचार केला, त्यांतले काही चकले, आणि त्यांचे चकणेही वाचण्याजोगे आहे.

आधी साधा हिशेब पाहू. भोकाचा व्यास दुप्पट केला की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून पाणीही चौपट येते. दोन सेंटिमीटरचे एक भोक एक सेंटिमीटरच्या चार भोकांची बरोबरी करते. टाकी भरताना वा रिकामी करताना आपला अंदाज चुकतो तो बहुधा इथेच, कारण डोळा व्यास पाहतो आणि पाणी क्षेत्रफळ मोजते. उंचीचे मात्र तसे नाही. भोकावरच्या पाण्याची उंची, जिला जलशास्त्रात शीर्ष म्हणतात, ती दुप्पट केली तर पाणी दुप्पट येत नाही, जेमतेम १.४१ पट येते. दुप्पट हवे असेल तर उंची चौपट लागते. उंचीचा परिणाम वर्गमुळाने होतो. धरणाच्या बातमीचे कोडे इथे बरेचसे सुटते. दरवाजाच्या फटीवर नऊ मीटर पाणी असताना जितका विसर्ग होतो, त्याच्या दोन तृतीयांश तो चार मीटर पाण्यावर होतो. फटीला हात लावावा लागत नाही.

हा वर्गमुळाचा नियम एव्हान्जेलिस्ता टॉरिचेली याने १६४४ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला. वायुभारमापकामुळे आपल्याला ठाऊक असलेला टॉरिचेली तो हाच. त्याचे निरीक्षण अगदी साधे होते. टाकीच्या तळाशी वर तोंड केलेली तोटी लावली, तर कारंजे जवळजवळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत चढते. म्हणजे तोटीतून सुटणाऱ्या पाण्याचा वेग तितक्या उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूइतका असला पाहिजे. गॅलिलिओने पडणाऱ्या दगडाचा नियम दिला होता, टॉरिचेलीने तो पाण्याला लावला. आजच्या मापांत सांगायचे तर एक मीटर पाण्याखालच्या भोकातून धार सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने सुटते. पुढे १७३८ साली डॅनियल बर्नुलीच्या ‘हायड्रोडायनॅमिका’त या नियमाला ऊर्जेच्या हिशेबाची भक्कम बैठक मिळाली.

इथवर सारे सरळ आहे. क्षेत्रफळ गुणिले वेग, की झाला विसर्ग. एक सेंटिमीटर व्यासाचे भोक आणि एक मीटर पाणी घेतले, तर सेकंदाला सुमारे ३५० मिलिलिटर पाणी यायला हवे. आता बादली आणि घड्याळ घेऊन बसा. भोक पातळ पत्र्यात, स्वच्छ धारदार कडेचे पाडलेले असेल, तर हाती २१० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते. तूट थोडीथोडकी नाही, चाळीस टक्क्यांची आहे, आणि ती घर्षणाच्या नावावर खपवता येत नाही. कारण धारेचा वेग मोजला तर तो अपेक्षेपेक्षा फार तर दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतो. मग बाकीचे पाणी गेले कुठे?

उत्तर धारेकडे बारकाईने पाहिल्यावर मिळते. भोकाकडे पाणी फक्त समोरून येत नाही. ते वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, भिंतीला घासत घासतही येते. कडेशी पोचलेल्या त्या पाण्याला काटकोनात वळायचे असते आणि एका क्षणात ते वळू शकत नाही. ते आत झुकलेल्या दिशेनेच बाहेर पडते, त्यामुळे धार बाहेर आल्यावर आणखी आवळते. भोकापासून साधारण अर्ध्या व्यासाच्या अंतरावर ती सर्वांत बारीक होते, आणि तिथे तिचे क्षेत्रफळ भोकाच्या जेमतेम ६२ ते ६४ टक्के उरते. उन्हाच्या तिरिपेत पाहिली तर या जागी धार काचेच्या कांडीसारखी नितळ दिसते. पाण्यापुरते बोलायचे तर खरे भोक तेच, पत्र्यातले नव्हे.

या आकुंचनाकडे लक्ष वेधणारा न्यूटन होता, आणि त्याआधी फसलेलाही तोच. ‘प्रिन्सिपिया’च्या १६८७ च्या पहिल्या आवृत्तीत त्याने बाहेर पडलेल्या पाण्यावरून वेग काढला आणि तो पाण्याच्या निम्म्या उंचीला साजेसा आहे असे ठरवले. कारंजे मात्र जवळजवळ पूर्ण उंची गाठत होते. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हा भाग नव्याने लिहिला. पाच अष्टमांश इंच व्यासाचे भोक घेऊन त्याने धार मोजली, तेव्हा भोक आणि आवळलेली धार यांच्या व्यासांचे प्रमाण २५ ला २१ निघाले. आजच्या मोजमापांच्या मानाने हे आकुंचन थोडे कमी आहे, पण वेग पुरा आहे आणि धारच बारीक आहे, ही गाठ सुटली. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत असे आम्हाला वाटते.

प्रत्यक्ष विसर्ग आणि हिशेबी विसर्ग यांच्या गुणोत्तराला विसर्ग गुणांक म्हणतात. धारदार कडेच्या भोकासाठी तो ०.६० ते ०.६२ असतो. हा आकडा पाठ करण्यापेक्षा तो कशाने हलतो हे पाहण्यात जास्त गंमत आहे. भोकाची आतली कड गोलसर घासली की पाण्याला वळायला जागा मिळते आणि गुणांक ०.९७ च्या घरात जातो. व्यास तसूभरही न वाढवता पाणी दीडपटीहून अधिक! उलट भोकाला टाकीच्या आत शिरलेली आखूड नळी लावली, तर धार आणखी आवळते आणि नळीच्या भिंतीला न शिवता सुटल्यास गुणांक ०.५ च्या जवळ येतो. फ्रेंच नौदलातला अभियंता बोर्दा याने १७६६ साली या मांडणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या एका मांडणीत हा निम्मा आकडा संवेगाच्या हिशेबाने कागदावर काढून दाखवता येतो, म्हणून तिचे महत्त्व.

याचा पडताळा घरी घेता येतो. दोन सारखे रिकामे पत्र्याचे डबे घ्या आणि एकाच खिळ्याने दोघांना भोक पाडा, एकाला बाहेरून आणि दुसऱ्याला आतून. बाहेरून ठोकलेल्या भोकाचा पत्रा आत वळतो आणि बोर्दाच्या नळीसारखा आडवा येतो. आतून ठोकलेल्या भोकाची आतली कड गोलसर होऊन पाण्याला वाट करून देते. खिळा तोच, डबाही तसाच, पण दुसरा डबा आधी रिकामा होतो. भोकाचा आकार विचारणाऱ्याला ‘अमुक मिलिमीटर’ एवढेच उत्तर देणे अपुरे का, हे यावरून कळते.

याहून नवलाची गोष्ट नळीची. भोकाला बाहेरून त्याच व्यासाची, व्यासाच्या अडीच-तीन पट लांबीची आखूड नळी जोडली, तर पाणी कमी न होता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते आणि गुणांक ०.८२ च्या आसपास जातो. अडथळा वाढवल्यावर प्रवाह वाढावा हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि पटू नये हेच बरे, त्याने करून पाहावे. नळीत शिरताना धार आवळते, पण पुढे पसरून नळी भरून वाहते. त्या आवळलेल्या जागी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि टाकीतले पाणी जास्त जोराने ओढले जाते. तिथे नळीला बारीक छिद्र पाडले, तर त्यातून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते.

रोममधल्या नळजोडवाल्यांना हे कारण ठाऊक नव्हते, पण परिणाम चांगलाच ठाऊक होता. इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि त्याने शहराच्या जलवाहिन्यांवर एक पुस्तक लिहिले. कारभाऱ्याने लिहिलेले इतके वाचनीय पुस्तक क्वचितच सापडते. रोममध्ये पाण्याचा हक्क काशाच्या तोटीच्या मापाने मिळत असे. तोटी निदान १२ अंगुळे लांब असावी, तिच्यावर शिक्का असावा, आणि ती काशाचीच असावी, कारण मऊ धातूसारखी ती ठोकून रुंद करता येत नाही. एवढे करूनही फ्रॉन्टिनसला शिक्का नसलेल्या तोट्या सापडल्या, मोठ्या मापाच्या सापडल्या, आणि बरोबर मापाच्या तोटीला लगेच पुढे रुंद नळ जोडून जास्त पाणी ओढणारेही सापडले. तोटीनंतरच्या पहिल्या ५० फुटांत नळ रुंद करू नये असा नियम होता, तो याचसाठी. तोटी किती उंचीवर बसवली आहे आणि प्रवाहाकडे तोंड करून आहे की कसे, याने फरक पडतो हेही त्याने नोंदवले आहे. त्याचा हिशेब मात्र निव्वळ क्षेत्रफळाचा होता. शीर्ष मापात कसे धरायचे, हे त्याला साधले नाही. आपल्याकडेही नळजोडणीची चर्चा अजून ‘अर्ध्या इंचाचे कनेक्शन’ याच भाषेत चालते. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाच्या भांडणाचा निवाडा कसा करावा, हे फ्रॉन्टिनसला विचारून फारसा उपयोग नाही.

टाकीत पाणी भरत राहिले तर शीर्ष कायम राहते. न भरता ती रिकामी होऊ दिली, तर गोष्ट आणखी रंगते, कारण पातळी उतरते तशी धार मंदावते. एक मीटर उंच, एक चौरस मीटर तळाची टाकी धरू. तळाशी एक सेंटिमीटरचे धारदार भोक असेल, तर ती रिकामी व्हायला अडीच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. दोन सेंटिमीटरचे असेल तर चाळीस मिनिटेही लागत नाहीत. या वेळाची विभागणी पाहण्यासारखी आहे. निम्म्या वेळात तीन चतुर्थांश पाणी निघून जाते, आणि उरलेल्या पाव टाकीला बाकीचा निम्मा वेळ लागतो. गच्चीवरची टाकी धुवायला काढणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असते.

पाण्याने वेळ मोजणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. कर्नाक येथे सापडलेले तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातले, म्हणजे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे जलघड्याळ वर रुंद आणि खाली निमुळते आहे. वरचे पाणी जोरात वाहते, तर तिथे पाणीच जास्त ठेवा, म्हणजे पातळी सारख्या गतीने उतरेल, असा हा डाव. तो पुरता साधलेला नाही, पण दिशा अचूक आहे.

आपल्याकडच्या घटिकापात्राने ही अडचण मुळातच टाळली. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र तरंगत ठेवायचे. छिद्रातून पाणी आत शिरते आणि पात्र भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. इथे पाणी ढकलणारे शीर्ष म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक, आणि तो पात्राच्या वजनावर ठरतो. उभ्या भिंतीच्या पात्रात हा फरक बुडेपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, गोलाकार पात्रात थोडा बदलतो. म्हणून वजन आणि छिद्र या दोन्हींना महत्त्व. जुन्या ग्रंथकारांनी पात्रासाठी दहा पळे तांबे आणि छिद्रासाठी ठरावीक वजनाची, चार अंगुळे लांबीची सोन्याची सुई सांगितली होती. सोन्याचे वजन आणि लांबी ठरली की सुईची जाडी आपोआप ठरते. सूक्ष्म व्यास मोजायला साधन नसताना काढलेली ही युक्ती पाहून आजच्या मापनतज्ज्ञानेही मान डोलवावी.

भास्कराचार्यांनी मात्र ही कृती नाकारली. ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ते वेगळाच मार्ग सांगतात. अर्ध्या घटाच्या आकाराचे तांब्याचे पात्र करा, तळाला छिद्र पाडा, एका अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा, आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. मिळाले पात्राचे मान. दहा पळांची व्याख्या त्यांना तर्काला धरून वाटली नाही, आणि तसे पात्र घडवणेही कठीण वाटले. छिद्राची कड, पत्र्याची जाडी, पात्राचा घाट यांतले काय काय जुळवत बसणार? त्यापेक्षा जे घडले आहे ते मोजून घ्या. विसर्ग गुणांक प्रयोगाने ठरवणारा आजचा अभियंता याहून वेगळे काही करत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी प्रकाशात आणला. त्या परिसरात जाणाऱ्यांनी तिथल्या देवीचे दर्शन घेताना ही आठवणही ठेवावी. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नात घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट त्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. तरी ज्याने कोणी ती रचली, त्याला छिद्राचा आकार बदलला की काय होते हे पक्के माहीत होते.

नवख्या वाचकाला एक इशारा दिला पाहिजे. वर्गमुळाचा नियम सर्वत्र लागू करू नये. भोकाऐवजी लांब, बारीक नळी असेल तर सत्ता चिकटपणाच्या हाती जाते. हागेनने १८३९ मध्ये आणि केशवाहिन्यांतल्या रक्ताचा विचार करणाऱ्या प्वाझय या डॉक्टरने १८४० च्या दशकात दाखवले, की तिथे व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट होतो. रंगाच्या कारखान्यात चिकटपणा मोजायला वापरतात तो फोर्ड कप याच मुलखातला. शंभर मिलिलिटर रंग ठरलेल्या छिद्रातून किती सेकंदांत उतरतो, तेच त्याचे माप. अगदी बारीक छिद्रांत थंडीही जाणवते, कारण गोठायला टेकलेले पाणी २५ अंशांवरच्या पाण्याच्या दुप्पट चिकट असते. पातळी फार खाली आली की भोवरा पडतो, मधून हवा शिरते आणि विसर्ग घटतो. धान्य किंवा वाळू असेल तर वरच्या ढिगाच्या उंचीने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आणि वाळूचे घड्याळ पाण्याच्या घड्याळापेक्षा सोपे पडते ते यामुळेच.

धरणाच्या दरवाजाखालची फट म्हणजे शेवटी एक लांबट छिद्रच, पण त्याचा गुणांक कायम नसतो. दरवाजा जसा वर चढतो तसा त्याच्या खालच्या ओठाचा कोन बदलतो आणि त्याबरोबर धारेचे आकुंचनही बदलते. सांडव्याच्या माथ्याचा आकार आणि शेजारचे खांबही त्यात हात घालतात. म्हणून मोठ्या सांडव्यांची लहान प्रतिकृती करून आधी तिच्यावर मोजमाप करतात. १९१६ पासून जलसंशोधन चालणाऱ्या खडकवासल्याच्या केंद्रीय संस्थेत अशा प्रतिकृती पाहायला मिळतात. पातळी आणि फट यांवरून विसर्ग सांगणारे तक्ते अशा मोजमापांच्या आधाराने तयार होतात, आणि बातमीतला क्युसेकचा आकडा तिथून निघतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, हेही लक्षात ठेवलेले बरे.

या विषयात कुठूनही शिरता येते. इतिहासाची ओढ असेल तर फ्रॉन्टिनस आणि घटिकापात्रापासून सुरुवात करावी, शेती-पाटबंधाऱ्यांची असेल तर दरवाजांपासून. गणिताचा धसका घेतलेल्यांना सुरुवातीला वर्गमूळ पुरते. टाकी रिकामी होण्याच्या वेळासाठी कलनशास्त्र लागते, तो भाग पहिल्या वाचनात गाळला तरी पुढचे अडत नाही. एक गोष्ट मात्र कोणीही गाळू नये. पाच लिटरचा डबा, ड्रिलने पाडलेले तीन मिलिमीटरचे भोक, डब्याला आतून चिकटवलेली पट्टी आणि मोबाइलमधले घड्याळ, एवढे सामान जमवा. दर सेंटिमीटर पातळी उतरायला लागलेला वेळ वहीत लिहा, मग भोकाची आतली कड बारीक कानसेने गोल करा, आणि त्याच पानावर शेजारच्या रकान्यात पुन्हा तेच आकडे लिहा.